मुलाखतीत कामाचं नाही, माणसांचं विचारलं. तुम्ही काय उत्तर दिलं असतं?

बोरीकाठ
सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी अमळनेर तालुक्यातली. एम.एस्सी. केमिस्ट्री करून तीन वर्षं झाली, एका पाइपच्या कारखान्यात क्यूसी (क्वालिटी कंट्रोल) लॅबमध्ये आहे. मागच्या आठवड्यात जळगाव एमआयडीसीत दुसऱ्या कंपनीत मुलाखतीला गेले होते. पहिली वीस मिनिटं छान गेली. आयएस ४९८५ या पीव्हीसी पाइपच्या मानकातल्या टेस्ट विचारल्या, मी घडाघडा सांगितल्या. रिव्हर्शनला १५० अंशाच्या ओव्हनमध्ये पाइपचा तुकडा ठेवायचा, लांबी ५ टक्क्यांपेक्षा जास्त आक्रसली की नापास, हे तर झोपेतही सांगेन.

मग कोपऱ्यात बसलेल्या वयस्कर साहेबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "संध्याकाळचे साडेसहा वाजलेत. ट्रक गेटवर उभा आहे. तुमचं सॅम्पल फेल आलंय. प्रॉडक्शनचा शिफ्ट इंचार्ज लॅबमध्ये येऊन म्हणतो, ताई, सही करून टाका, उद्या बघू. आणि तो तुमच्याच गावचा आहे, रोज तुमच्याबरोबर बसने येतो. काय कराल?"

मी म्हटलं, "साहेबांना विचारेन."

ते म्हणाले, "साहेबच म्हणाले सही करा, तर?"

मला पुढे एक शब्द सुचला नाही. हातातल्या फाइलची दोरी गुंडाळत बसले. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली आणि "ठीक आहे, कळवतो" म्हणाले.

सगळ्यात जास्त वाईट याचं वाटलं की हाच प्रसंग मागच्या दिवाळीआधी माझ्यावर खरोखर आला होता आणि तेव्हा मी तो नीट निभावला होता. त्या खुर्चीत तो आठवलाच नाही. परतीच्या गाडीत धरणगाव गेल्यावर आठवला, आणि मग डोळ्यांत पाणी आलं. असे प्रश्न का विचारतात? त्याची तयारी तरी कशी करायची? पुढच्या सोमवारी धुळ्याला अवधान एमआयडीसीत अजून एक मुलाखत आहे.


नंदुरबारकर पुण्यात
सोमवार, रात्री १०:१५

ताई, माझंही असंच झालं होतं, तेही व्हिडिओ कॉलवर. "टीममध्ये कुणाशी मतभेद झाले तेव्हा काय केलं?" मी म्हटलं, "माझे कधीच कुणाशी मतभेद होत नाहीत." मला वाटलं चांगलं उत्तर दिलं. समोरच्या बाईंनी खाली बघून काहीतरी लिहिलं आणि पुढचे दोन प्रश्न उरकून टाकले. पाच वर्षं नोकरी करून कुणाशी एकदाही वाजलं नाही, हे कोणाला खरं वाटेल?

आपल्याकडची दुसरी अडचण भाषेची. मी घरी अहिराणी बोलतो, ऑफिसात मराठी-हिंदी, मुलाखत इंग्रजीत. टेक्निकल उत्तरं इंग्रजीतच पाठ असतात, ती चालतात. पण भांडण, रुसवा, समजूत हे मनात अहिराणीत साठलेलं असतं. ते बाहेर काढेपर्यंत समोरच्याला वाटतं याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही. आता मी मुलाखतीआधी आईला फोन लावतो, "आयक माय, काय व्हयनं" म्हणून ऑफिसातला एखादा प्रसंग तिला सांगतो. तिला समजला की मग इंग्रजीत. फरक पडतो.


जुना पॅनलवाला
मंगळवार, सकाळी ७:०५

बोरीकाठ, मी जळगावच्या कारखान्यांत बावीस वर्षं एचआर सांभाळलं, दीड वर्षापूर्वी निवृत्त झालो. तुम्हाला विचारला तसा प्रश्न मी स्वतः शेकडो वेळा विचारलाय, म्हणून टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो.

डाळ मिल असो, चटईचा कारखाना असो की पाइपचा, लॅब आणि प्रॉडक्शन यांची ओढाताण रोजची आहे. प्रॉडक्शनच्या माणसाला टनाचा हिशोब द्यायचा असतो. ट्रक उभा राहिला की ट्रान्सपोर्टवाला फोनवर फोन करतो. लॅबच्या माणसाची सही असते आणि तीन महिन्यांनी शेतात पाइप फुटला की तीच सही बाहेर निघते. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. पॅनलला तुम्ही कोणाच्या बाजूच्या आहात हे नको असतं. सही आणि नकार यांच्या मध्ये बरीच जागा असते, त्या जागेत तुम्ही काय करता, हे बघायचं असतं.

"साहेब सांगतील तसं करेन" म्हणणाऱ्याला मी लॅबमध्ये कधी घेतलं नाही. "काही झालं तरी सही करणार नाही" म्हणणाऱ्याचा मला आदर वाटायचा, पण पुढे विचारायचो, "मग त्या ट्रकचं काय?" तिथे बरेच जण थांबायचे. ज्यांना त्या ट्रकचीही काळजी वाटली, त्यांना घेतलं.

आणि "तो तुमच्याच गावचा आहे" हे मुद्दाम घातलेलं असतं. आपल्याकडे प्रत्येक शॉप फ्लोअरवर चुलत भाऊ, साडू, एका गल्लीतले लोक एकत्र काम करतात. सकाळी नाही म्हणायचं आणि संध्याकाळी त्याच बसमध्ये शेजारी बसायचं, हे जमतं का, हे बघायचं असतं.

तुमचा दिवाळीआधीचा प्रसंग इथे लिहा. आठवेल तसा.


बोरीकाठ
मंगळवार, दुपारी १:२०

काका, लिहिते. दिवाळीच्या आठ दिवस आधी ११० मिमीच्या पाइपची बॅच होती. रिव्हर्शनला तुकडा ५ टक्क्यांच्या वर गेला. बाहेर ट्रक भरायला उभा. प्रॉडक्शनवाले लॅबमध्ये आले, म्हणाले तुमचा ओव्हनच बिघडलाय. थोडी तणातणी झाली. मग आम्ही त्याच बॅचमधलं दुसरं सॅम्पल घेऊन परत टेस्ट केली, तेही फेल गेलं. आम्ही बॅचला होल्डचा टॅग लावला. ट्रकमध्ये त्याच साइजची आधी पास झालेली बॅच भरली. मिटलं.


जुना पॅनलवाला
मंगळवार, दुपारी ३:४५

प्रसंग सोन्यासारखा आहे, पण यात तुम्ही कुठे आहात? "आम्ही" आहे, "झाली" आहे, "मिटलं" आहे. "मी" एकदाही नाही. आपल्याकडे मुलींना आणि शेतकऱ्यांच्या मुलांनाही लहानपणापासून शिकवलेलं असतं की मी मी करू नये. घरात ते शोभतं. मुलाखतीत समोरच्याला तुमच्याबद्दलच ऐकायचं असतं.

मला एवढं सांगा: दुसरं सॅम्पल घ्यायचं कोणी सुचवलं? "ओव्हन बिघडलाय" याला उत्तर कोणी दिलं, काय दिलं? आणि पास झालेली बॅच गोडाऊनला पडून आहे हे कोणाच्या लक्षात आलं?


बोरीकाठ
मंगळवार, रात्री ९:१०

तिन्ही मीच, काका.

ओव्हनबद्दल ते जोरात बोलायला लागले तेव्हा मी दार उघडून त्यांना आतलं थर्मामीटर दाखवलं. १५० वर होतं. मग म्हटलं, "दादा, तुम्ही स्वतः लाइनवरून तुकडा कापून आणा, तुमच्यासमोर मार्किंग करते, तुमच्यासमोर ओव्हनमध्ये ठेवते. तासभर लागेल." ते कापून घेऊन आले. तो तास चालू असताना मी गोडाऊनला फोन करून ११० ची पास झालेली बॅच किती शिल्लक आहे ते विचारलं. होती. तुकडा बाहेर काढून गार झाल्यावर स्केल त्यांच्याच हातात दिली. त्यांनीच मोजलं आणि काही न बोलता निघून गेले.

लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला. हे सगळं मी केलं होतं आणि त्या दिवशी "साहेबांना विचारेन" एवढंच बोलले.


भुसावळ फिटर
मंगळवार, रात्री ९:५५

बेटा, स्केल त्यांच्या हातात दिली, इथे तुझी मुलाखत झाली. बाकी काही बोलली नसतीस तरी चाललं असतं.

माझं सांगतो. वय ४८, मेंटेनन्स फिटर. आमचा कारखाना बंद पडल्यावर सेहेचाळिसाव्या वर्षी मुलाखती द्यायची वेळ आली. एका ठिकाणी विचारलं, "आमचा मेंटेनन्स इंजिनियर २६ वर्षांचा आहे. सगळ्यांसमोर त्याने तुमची चूक काढली तर?" माझा मोठा मुलगा त्याच्याच वयाचा. पहिल्यांदा रागच आला. पण गप्प बसलो, टेबलावरचं पाणी प्यालो आणि जे झालं होतं ते सांगितलं.

जुन्या ठिकाणी एक आयटीआयचा अप्रेंटिस होता, एकोणीस वर्षांचा. मी पंपाची कपलिंग, म्हणजे मोटर आणि पंप जोडणारा भाग, स्ट्रेट एज (सरळ पट्टी) लावून, डोळ्यांनी बघून बसवायचो. वीस वर्षं तशीच बसवली. एक पंप सारखा बेअरिंग खात होता. पोरगं म्हणालं, "काका, डायल गेज लावून बघू का?" म्हणजे बारीक फरकही काट्यावर दाखवणारं माप. चार जण उभे होते, मी खेकसलो त्याच्यावर. रात्री झोप लागली नाही. सकाळी मीच स्टोअरमधून डायल गेज काढून आणला आणि म्हटलं, लाव. शाफ्ट फिरवला तर काटा इकडून तिकडे. शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) घालून त्याने आणि मी मिळून लाइन केली, त्या पंपाचं बेअरिंग पुन्हा माझ्या हाताने बदलायची वेळ आली नाही.

पॅनलला हे सांगून शेवटी म्हटलं, "साहेब, चूक काढली तर आधी वाईट वाटेल, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या दिवशी गेज मीच काढून आणेन." नोकरी लागली. तो २६ वर्षांचा साहेब आता मला दादा म्हणतो.


केळीबाग रावेर
बुधवार, सकाळी ८:३०

सगळ्यांचा मान राखून वेगळं बोलतो. तुम्ही खरं सांगा म्हणताय, माझ्या मावसभावाने खरं सांगितलं. "आधीची नोकरी का सोडली?" तर म्हणाला, सुपरवायझर आईवरून शिव्या द्यायचा. पॅनलवाल्याने तोंडावर सांगितलं, तुम्हाला ॲडजस्ट करता येत नाही. घरी बसला तीन महिने. ज्याच्या घरात पगार येतो त्याला खरं परवडतं. मी पोरांना सांगतो, "घरची अडचण होती" म्हणा आणि विषय बदला.


जुना पॅनलवाला
बुधवार, सकाळी १०:००

तुमच्या भावावर अन्याय झाला. शिव्या देणाऱ्या सुपरवायझरबद्दल त्या पॅनलने वाईट वाटून घ्यायला हवं होतं.

तरी "घरची अडचण" म्हणू नका, यामागे कारण आहे. जळगाव एमआयडीसी मोठी असली तरी एचआरवाले एकमेकांना ओळखतात. मी स्वतः फोन करायचो. आणि फोनच्या आधी लगेच पुढचा प्रश्न यायचा, "अडचण मिटली का आता?" एका खोट्याला दुसरं जोडावं लागतं, आणि तिसऱ्याला माणूस घामाघूम होतो. तसे चेहरे मी खूप बघितलेत.

शिव्यांचा शब्द न काढताही खरं बोलता येतं. "तिथे बोलण्याची पद्धत मला जमली नाही. मी दोनदा वरिष्ठांना भेटून सांगितलं. फरक पडला नाही, म्हणून नोटीस पिरियड पूर्ण करून निघालो." यात त्या माणसाचा उल्लेखही नाही. तुम्ही काय केलं तेवढंच आहे. नोटीस पूर्ण केली हे आवर्जून सांगावं, पॅनल ते ऐकतं.


केळीबाग रावेर
बुधवार, सकाळी १०:४०

वरिष्ठांना भेटला नव्हता तो. घाबरला होता. मग काय सांगायचं?


जुना पॅनलवाला
बुधवार, सकाळी ११:१५

तर ते जोडू नये. "सहा महिने सहन केलं, मग निघालो. आता असं झालं तर पहिल्याच महिन्यात बोलेन." कमी पडलो होतो हे सरळ सांगणाऱ्या माणसाला मी कधी नाकारलं नाही. सगळे पॅनल असे नसतात, हे मान्य.


पांझराकाठ
बुधवार, दुपारी ४:२०

मी धुळ्यात स्टाफ नर्स. केळीबाग दादांचं म्हणणं मला पटतं, सगळीकडे सगळं सांगू नये. बायकांना तर वेगळेच प्रश्न येतात. मला एका ठिकाणी विचारलं, "लग्न झालंय, सासरचे नाइट ड्युटीला सोडतील का? पुढच्या वर्षी पाळणा हलला तर?" मी तेव्हा लाजून मान खाली घातली आणि "नाही, अजून नाही" म्हटलं. आजही त्या उत्तराचा त्रास होतो.

नंतर माहिती काढली. स्त्री आहे म्हणून भरतीत भेदभाव करता येत नाही, हे १९७६ च्या समान वेतन कायद्यातच होतं, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा मिळते. हे त्यांच्या तोंडावर फेकायला मी सांगत नाही, नोकरी तर हवीच असते. पण माहीत असलं की मान खाली जात नाही. पुढच्या ठिकाणी हाच प्रश्न आला तेव्हा म्हटलं, "मॅडम, मागच्या हॉस्पिटलला महिन्यात आठ नाइट केल्या आहेत, एकही बुडवली नाही. इथे नाइटचं रोटेशन कसं असतं?" त्यांनी रोटेशन सांगितलं आणि विषय तिथेच संपला.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का" म्हणतात, तेव्हा मी आता अंतर्गत तक्रार समितीबद्दल विचारते. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे २०१३ च्या कायद्याने ती असावीच लागते. प्रश्न साधा आहे, पण त्यांच्या चेहऱ्यावरून पुढची दोन वर्षं कशी जातील ते बरंच कळतं.

अजून एक. "तुम्ही कोणाचे?" हा प्रश्न कुणालाच आलेला नाही का? आडनाव सांगितल्यावरही विचारतात.


भुसावळ फिटर
बुधवार, संध्याकाळी ७:३०

येतो, ताई. गाव, मग गल्ली, मग मामा कोणत्या गावचे. त्यांना काय हवंय ते आपल्याला कळतं. मी गाव सांगतो, "वडील रेल्वेत खलाशी होते" सांगतो आणि तिथून थेट माझ्या कामावर येतो. मामाचं गाव सांगत नाही.


जुना पॅनलवाला
बुधवार, रात्री ८:१०

हा प्रश्न विचारूच नये. माझ्या पॅनलवर मी तो बंद केला होता, त्यावरून एका मॅनेजरशी माझं वाजलंही होतं. कोणी विचारलाच तर फिटर दादांनी केलं तसंच करा.

ज्यांना नोकरीचा अनुभवच नाही त्यांच्यासाठी एक सांगायचं राहिलं. रावेरकडचा एक बी.कॉम. झालेला मुलगा माझ्यापुढे बसला होता. विचारलं, दोन माणसांचं पटत नसेल तर काय करशील? म्हणाला, सर, मी नोकरी केलेली नाही. म्हटलं, घरी काय करतोस? तर म्हणाला, केळीची कापणी चालू होती, व्यापाऱ्याचा माणूस घड बाजूला टाकत होता, टोळीचा मुकादम म्हणत होता हे चांगले आहेत, आणि वडील बिचारे दोघांच्या मध्ये उभे. ट्रक बांधावर. या मुलाने दोघांना सांगितलं, वाद असलेले घड एका रांगेत मांडू, ट्रक भरून झाल्यावर एक एक बघू. भरून होईपर्यंत दोघंही निवले. बावीस घडांपैकी तेरा घेतले, नऊ राहिले, आणि ते त्याने वहीत दोघांच्या सह्या घेऊन लिहून ठेवले. त्याला मी डिस्पॅचला घेतलं. शेतातलं, लग्नाच्या पंगतीतलं, गणपती मंडळातलं काम सांगायला लाजू नका. माणसं तिथेही तीच असतात.


नंदुरबारकर पुण्यात
बुधवार, रात्री ९:००

मी वही केली आहे. कुणीतरी माझ्यावर चिडलं तेव्हा, मी चुकलो तेव्हा, माझ्या कामाचं श्रेय दुसऱ्याने घेतलं तेव्हा, वरिष्ठांना नाही म्हटलं तेव्हा. प्रत्येकाखाली एक खरा प्रसंग, चार ओळी. प्रश्न कसाही फिरवून येऊ दे, यातलाच एक उपयोगी पडतो. आणि ताई, "दोन मिनिटं विचार करू का, सर?" असं विचारायला हरकत नाही. मी तीनदा विचारलंय, तिन्ही वेळा हो म्हणाले.


बोरीकाठ
पुढचा सोमवार, रात्री ८:५०

अवधानला जाऊन आले. काका, ट्रकचा प्रश्न आलाच नाही! मॅडमनी विचारलं, "तुमच्या सध्याच्या कारखान्यात तुमच्याशी कोण नीट बोलत नाही?"

पोटात गोळा आला. एक मिनिट मागून घेतलं. मग दिवाळीआधीचाच प्रसंग सांगितला, "मी" म्हणत. थर्मामीटर, तासभर, स्केल. आणि इथे लिहिलं नव्हतं तेही सांगितलं. ते दादा त्यानंतर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बसमध्ये मागच्या सीटवर जाऊन बसायचे. पाचव्या दिवशी मी सॅम्पल घ्यायला हेल्परला न पाठवता स्वतः लाइनवर गेले आणि तुकडा त्यांच्यासमोर कापला. तेव्हापासून रोज तसंच करते. अजूनही आमचं मोकळं बोलणं नाही. पण साइज बदलताना लाइन चालू करायच्या आधी ते आता लॅबला फोन करतात, जे आधी कधी केलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे अजून पूर्ण मिटलेलं नाही." मी म्हटलं, "नाही, मॅडम." त्यांनी मान हलवली आणि विचारलं, मग त्या होल्ड केलेल्या बॅचचं पुढे काय केलं? तेही मला माहीत होतं. तोडून ग्राइंडरला दिली, रजिस्टरला नोंद माझ्या हातची आहे.

गुरुवारी कळवणार आहेत.


शिरपूर ०७
पुढचा सोमवार, रात्री १०:०५

सगळा धागा आज वाचला. माझी शनिवारी नाशिकला वेअरहाऊस सुपरवायझरची मुलाखत आहे. हाताखाली तीस माणसं असतील, मी आजवर दोघांवरच काम बघितलंय. कुणी खोटी मुलाखत घेईल का माझी?


भुसावळ फिटर
पुढचा सोमवार, रात्री १०:२०

मी घेतो. उद्यापासून सेकंड शिफ्ट आहे, सकाळी मोकळा असतो. इथे निरोप टाका. त्या दोन माणसांची नावं आणि ती कशावरून भांडायची, ते आधी कागदावर लिहून ठेवा.